तपासणीचा दिवस

चुडाव्याच्या स्टेशनवर नांदेडकडं जाणाऱ्या पॅसेंजरची वाट बघत आम्ही उभे आहोत. फेब्रुवारी संपत आलाय. सकाळचा गारठा अजून अंगाला लागतोय. रुळांपलीकडं कुणीतरी हळद शिजवायला काढलीय, तिचा उग्र, मातकट वास फलाटापर्यंत येतोय. माझा भाचा पार टोकाला जाऊन थांबलाय, बाकावर बसायला तयार नाही. गावातलं कुणी भेटलं तर काय सांगायचं ते त्यानं मला घरूनच पढवून आणलंय. बँकेचं काम.

"बघा ना मामा," तो मोबाईलची बॅटरी तोंडात मारून जीभ बाहेर काढतो. "पांढरी दिसायली का नाही?"

मी वाकून बघतो. जिभेवर चहाचा पातळ थर आहे, कडेला दातांचे वळ उमटलेत. "सकाळी सगळ्यांचीच अशी असते," मी म्हणतो. तो मान हलवतो, पण दोन बोटं लगेच जबड्याखाली जातात. तिथली गाठ तो दिवसभर चाचपत असतो. दाबून दाबूनच ती जागा आता दुखायला लागलीय.

दिवाळीच्या आधी, चाकणला कंपनीत असताना, ओळखीतल्या एका बाईशी त्याचे संबंध आले. दोघांच्या मर्जीनं, पण निरोध न वापरता. आठ-दहा दिवसांनी सर्दी झाली, अंगात कणकण आली, आणि तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नाही. रात्री उठून मोबाईलवर लक्षणं वाचतो. वजन करतो, ताप मोजतो. माझ्या बहिणीला वाटतंय, पोराचं कुठं तरी प्रेमात बिनसलं. मला त्यानं सांगितलं ते संक्रांतीला, मळ्यात, माझ्याकडं पाठ करून.

असं काही घडल्यावर 72 तासांच्या आत डॉक्टरांना गाठलं तर एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या 28 दिवस घेता येतात, हे त्याच्या कानावर कधी आलंच नव्हतं. कुठून येणार? र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' काढलं, या विषयांवर लिहिलं म्हणून खटले अंगावर घेतले. आज शंभर वर्षं होत आली तरी वीस-बावीस वर्षांच्या पोराला हे विचारायला घरात माणूस सापडत नाही. मला याचा राग येतो. त्याच्यावर नाही, आम्हा मोठ्यांवर.

पूर्णा जवळ आहे, पण तिथं त्याच्या आत्याचं सासर. गावातली आशाताई आमच्याच गल्लीतली. ती कुणाला काही बोलणार नाही याची मला खात्री आहे, त्याला नाही, आणि आज त्याला पटवत बसण्यात अर्थ नाही. नांदेड तर नांदेड. गाडी येते. दारात उभा राहूनच तो लिंबगाव मागं टाकतो.

सरकारी दवाखान्यातलं एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र म्हणजे एक लहानशी खोली. भिंतीवर लाल फितीचं चित्र, टेबलावर निरोध कसा वापरायचा ते दाखवण्यासाठी ठेवलेलं मॉडेल. भाचा त्याच्याकडं बघायचं टाळतो. समुपदेशक मॅडम आधी त्याला विचारतात, "मामा आत थांबलेले चालतील?"

"चालतील."

मग त्या दार लोटतात आणि सांगतात की त्याच्या संमतीशिवाय तपासणी होणार नाही आणि निकाल बाहेर जाणार नाही, 2017 च्या कायद्यानंच तसं बंधन आहे. त्या बाईचं नाव त्या विचारत नाहीत. कधी, निरोध होता का, लघवीला जळजळ, अंगावर पुरळ, जखम, असं एकेक विचारत जातात. आवाज चढत नाही की पडत नाही.

"मला झालंच असंल ना मॅडम?" तो मधेच म्हणतो.

"समोरच्याला एचआयव्ही असला तरी एका वेळच्या संबंधातून लागण होण्याची शक्यता शेकड्यात एकाहून कमी असते," त्या म्हणतात. "म्हणून धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. त्यासाठीच तपासायचं. आणि समजा निघालाच, तर औषधं मोफत आहेत, लगेच सुरू होतात. रोज नेमानं घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर संबंधातून तो दुसऱ्यालाही जात नाही."

हे ऐकताना त्याचे खांदे पहिल्यांदा खाली येतात. मी घरी त्याला "काही होत नाही रे" एवढंच सांगत आलोय. त्यानं असं झालं नव्हतं.

शेजारच्या खोलीत रक्त घेतात. एक नमुना एचआयव्हीसाठी, त्यातलंच सिफिलिससाठी. सिफिलिस काही वेळा कसलाही त्रास न देता अंगात राहतो आणि वेळीच सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शननं बरा होतो, हे मॅडमनी आधीच सांगितलंय. मग बाहेर बाकावर बसायचं. शेजारी एक गरोदर बाई सासूबरोबर तपासणीसाठीच आलीय, डबा उघडून दोघी जेवतायत. भाचा मोबाईल काढतो, लक्षणांचं पान उघडतो. मी हात पुढं करतो. थोडा वेळ थांबून तो मोबाईल माझ्या हातात देतो.

नाव पुकारत नाहीत, नंबर पुकारतात. मॅडम कागद त्याच्यासमोर ठेवतात. दोन्ही तपासण्या नॉन-रिॲक्टिव्ह.

"म्हणजे नाही ना?"

"नाही. मधे तीन महिने उलटलेत, त्यानंतर दुसरा संबंध नाही, त्यामुळं त्या वेळच्या एचआयव्हीचा विषय इथं संपला."

तो कागद पुन्हा वाचतो. आता उडी मारेल असं मला वाटतं, पण तो विचारतो, "अजून एकदा दुसरीकडं करून घेऊ का?"

मॅडम हसत नाहीत. "एचआयव्ही नाही, पण ही भीती आहे, आणि तिलाही औषध लागतं. जीभ बघायची नाही, गाठ दाबायची नाही, मोबाईलवर शोधायचं नाही. पंधरा दिवसांत झोप जाग्यावर आली नाही तर 14416 ला फोन करा, टेलि-मानस, मराठीत बोलतात. नाहीतर इथंच मनाच्या डॉक्टरांकडं पाठवते." नंबर त्या कागदाच्या मागं लिहून देतात. निरोधची पाकिटंही देतात. तो यावेळी खाली न बघता घेतो, खिशात घालतो.

दाराशी जाऊन तो परत वळतो.

"मॅडम, तिनंबी तपासावं म्हणलं तर? तिला मी काही सांगितलंच नाही आजवर. घाबरंल ती."

"मग घाबरवू नका. मी तपासून आलो, माझं निघालं नाही, तूही एकदा करून घे, एवढं बोला. तिकडचं केंद्र कुठं आहे ते 1097 वर सांगतील."

परतीच्या गाडीला अजून अवकाश आहे. स्टेशनच्या बाहेर तो माझ्याकडून मोबाईल मागून घेतो. आधी 1097 लावतो, चाकणजवळचा पत्ता विचारून तळहातावर पेननं लिहून घेतो. मग दुसरा नंबर काढून बराच वेळ नुसता बघत राहतो.

"मामा, तुम्ही जरा तिकडं थांबता का?"

मी रसवंतीकडं चालू लागतो. मागं त्याचा आवाज येतो, "हॅलो... हाव, मीच. जेवलीस का? एक सांगायचं होतं."