आकाशातून मक्याचा करपा दिसतो का? नासा आणि पर्ड्यू विद्यापीठाच्या एका प्रयोगाची हकीकत

गेल्या खरिपात मका पिकाच्या शिवार फेरीत एका शेतकरी बंधूंनी प्रश्न केला. "साहेब, वरून उपग्रहात आमचं रान हिरवंगार दिसतं म्हणतात. अन् मी इथं खाली उभा राहून पानं वाळलेली बघतोय. मग खरं कुणाचं धरायचं?" बरोबरचे लोक हसले. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ पासून भात व गहू या पिकांच्या उत्पादनाचा अंदाज ठरविताना उपग्रहावरून काढलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के भार देण्याची पद्धत आणण्यात आली. म्हणजे वरून काय दिसते आणि काय दिसत नाही, याच्याशी आता शेतकऱ्याच्या खिशाचा संबंध आहे.

या प्रश्नाची मोठ्या प्रमाणावर तपासणी १९७१ साली अमेरिकेत झाली. 'नासा' ही तेथील सरकारी अंतराळ संस्था, पर्ड्यू व मिशिगन ही दोन विद्यापीठे, तेथील कृषि खाते आणि गावोगावचे विस्तार कार्यकर्ते असे सर्वजण एका हंगामासाठी एकत्र आले. पीक होते मका आणि रोग होता पानांवरील करपा.

एका हंगामात पंधरा टक्के पीक गेले

संकरित मक्याचे बियाणे तयार करताना दोन वाण ओळींनी लावतात. त्यापैकी मादी वाणाचे तुरे परागकण सुटण्यापूर्वी काढून टाकावे लागतात. हे काम हाताने करावे लागते, थोड्या दिवसांत उरकावे लागते आणि मजुरी भरपूर लागते. बीजोत्पादन घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना हे नव्याने सांगावयास नको. टेक्सास राज्यात १९४० नंतरच्या दशकात मक्याचा असा एक प्रकार मिळाला की ज्याच्या तुऱ्यात परागकणच तयार होत नाहीत. हा नरवंध्यतेचा गुण पेशीद्रव्यातून, म्हणजे आईकडून पुढच्या पिढीत उतरतो. तो मादी वाणात आणला की तुरे काढण्याची कटकट संपली. बियाणे कंपन्यांनी तो झपाट्याने उचलला आणि १९७० पर्यंत अमेरिकेतील सुमारे ८५ टक्के मक्यात हे एकच 'टेक्सास' पेशीद्रव्य होते. वाणांची नावे अनेक होती, रंगरूप वेगळे होते, पण आतला हा भाग सर्वांचा सारखा.

या पेशीद्रव्याचा मका करप्याला जास्त बळी पडतो, अशी नोंद फिलिपाईन्समध्ये १९६१ सालीच झाली होती. अमेरिकेत तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे करप्याच्या बुरशीचा 'टी' नावाचा नवा प्रकार निर्माण झाला. ही बुरशी जे विष सोडते ते नेमके टेक्सास पेशीद्रव्याच्या पेशींवर घाव घालते. जुना प्रकार पानांपुरता राहत असे. हा नवा प्रकार पानाचे आवरण, कणसावरील साल आणि दाण्यापर्यंत पोहोचू लागला. १९७० च्या वसंतात फ्लोरिडात दिसलेला रोग उबदार, दमट हवा आणि वारा यांच्याबरोबर उत्तरेकडे सरकला आणि त्याच उन्हाळ्यात मक्याच्या मुख्य पट्ट्यात शिरला. देशाच्या मका उत्पादनापैकी सुमारे १५ टक्के गेले. नुकसानीचा आकडा शंभर कोटी डॉलरच्या घरात होता.

पुढच्या वर्षी काय करावे हा खरा पेच होता. एका हिवाळ्यात सर्व क्षेत्राला पुरेल इतके साधे, म्हणजे टेक्सास पेशीद्रव्य नसलेले, बियाणे तयार होणे शक्य नव्हते. १९७१ साली काही शेतकऱ्यांना साधे बियाणे मिळाले, काहींना जुनेच मिळाले, तर काहींना दोन्हींचे मिश्रण. रोग पुन्हा कोठे उठेल हे कोणालाच सांगता येत नव्हते.

विमाने नासाची, शेतातील डोळे विद्यापीठाचे

पीक आकाशातून पाहण्याची कल्पना त्यावेळी अगदी नवी नव्हती. कॅलिफोर्निया विद्यापीठातील रॉबर्ट कोलवेल यांनी १९५६ मध्येच इन्फ्रारेड फिल्मवरील विमानातील छायाचित्रांवरून तृणधान्यांचे रोग ओळखण्याविषयी निबंध प्रसिद्ध केला होता. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात १९६६ साली कृषि दूरसंवेदनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली. पैसा मुख्यतः नासाचा व कृषि खात्याचा. ती उभारण्यात राल्फ शे या वनस्पतिरोगतज्ज्ञांचा पुढाकार होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. यंत्र आणि विमान हाती आल्यावर त्यासाठी पीक शोधले, असे येथे झाले नाही. पिकाच्या रोगाचा प्रश्न घेऊन कृषि शास्त्रज्ञ यंत्रवाल्यांकडे गेले.

मार्शल आखाड्यासारखी ही तयारी नव्हती. कामाची वाटणी साधी होती. नासाच्या ह्यूस्टन येथील केंद्रामार्फत सुमारे ६०,००० फूट उंचीवरून उडणारे विमान देण्यात आले. मिशिगन विद्यापीठाने कमी उंचीवरून उडणारे विमान व त्यावरील एक उपकरण दिले. हे उपकरण पिकावरून परत येणारा प्रकाश अनेक पट्ट्यांत वेगवेगळा मोजत असे. पर्ड्यू येथे ही सर्व माहिती गोळा होऊन तिचा अर्थ लावला जाई, काही माणसांच्या डोळ्यांनी तर काही संगणकाने. मक्याच्या पट्ट्यातील सात राज्यांत २१० नमुना पट्टे ठरविण्यात आले. प्रत्येक पट्टा सुमारे एक मैल रुंद आणि आठ-दहा मैल लांब. पश्चिम इंडियानातील ३० पट्ट्यांवर मिशिगनचे उपकरणही फिरविण्यात आले.

आणि याच पट्ट्यांतील निवडक शेतांत दर पंधरवड्याला तेथील विस्तार कार्यकर्ते स्वतः जात. झाडांची संख्या, वाढीची अवस्था, बियाण्याचा प्रकार आणि करप्याची तीव्रता शून्य ते पाच अशा मापाने ते लिहून पाठवीत. आपल्याकडील कीड-रोग सर्वेक्षण करणाऱ्या कृषि सहायकाचे काम ते हेच. वृत्तपत्रांत फोटो विमानाचे आले असतील, परंतु या नोंदवह्या नसत्या तर पर्ड्यूच्या संगणकाला कोणता रंग म्हणजे कोणता रोग हे कळण्याचा मार्गच नव्हता.

चित्रात रोग दिसतो तो कसा

हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडा व निळा भाग शोषून घेते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड भाग मोठ्या प्रमाणावर परत फेकते. पानातील पेशी टवटवीत असतील तर हा परतावा चांगला असतो. पेशी मेल्या, पान वाळले की इन्फ्रारेडचा परतावा घटतो आणि तांबड्याचा वाढतो. इन्फ्रारेड फिल्मवर निरोगी पीक भडक लाल उठते, आजारी पीक फिकट किंवा तपकिरी दिसू लागते. आज उपग्रहाच्या आकडेवारीतून पिकाच्या हिरवेपणाचा जो निर्देशांक काढतात, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

मात्र विमान किंवा उपग्रह पाहतो ते पिकाचे डोके. मक्यावरील करपा सुरू होतो खालच्या पानांवर आणि मग वर चढतो. मका डोक्याएवढा वाढून ओळी मिटल्या की खालची पाने वरून दिसतच नाहीत. शिवाय नत्राची कमतरता, पाण्याचा ताण, साचलेले पाणी किंवा वेळेवर आलेली पक्वता या सर्वांनी रंग उतरतोच. चित्र एवढेच सांगते की येथे काही तरी बिघडले आहे. काय बिघडले ते सांगत नाही.

१९७१ च्या हंगामाचा निकाल तसाच लागला. करपा मध्यम ते तीव्र झाला की तो वरून ओळखता आला, आणि संगणकाने केलेले विश्लेषण छायाचित्रांपेक्षा सरस ठरले. परंतु रोगाची सुरुवात, म्हणजे फवारणीचा उपयोग होण्यासारखी अवस्था, दोन्ही पद्धतींना पुरेशा खात्रीने पकडता आली नाही. त्या वर्षी हवामानही रोगाला फारसे अनुकूल नव्हते, त्यामुळे १९७० सारखा हाहाकार झाला नाही. पुढे साध्या पेशीद्रव्याचे बियाणे पुरेसे झाले आणि तो प्रश्न मिटला. रोगाला आवरले ते बियाण्यातील बदलाने, विमानाने नव्हे. हा निकाल या संस्थांनी लपवला नाही, अहवालात सरळ मांडला.

दुसरी एक गोष्ट मात्र या प्रयोगात चांगली जमली. मका कोठे आहे आणि किती क्षेत्रावर आहे हे वरून बऱ्यापैकी ओळखता आले. २३ जुलै १९७२ रोजी लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सुटला आणि त्यानंतर १९७४ पासून नासा, कृषि खाते व विद्यापीठे यांनी याच बळावर गव्हाचे क्षेत्र व उत्पादन यांचा अंदाज घेण्याचे मोठे काम हाती घेतले.

आपल्याकडे

भारतात ही वाट केरळातील माडापासून सुरू झाली. १९७० च्या सुमारास डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली माडाच्या मूळमर रोगाचा अभ्यास हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड छायाचित्रे घेऊन करण्यात आला. इस्रोची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले असेल. पुढे अहमदाबाद येथील इस्रोच्या अंतराळ उपयोग केंद्राने राज्यांची दूरसंवेदन केंद्रे व कृषि विद्यापीठे यांच्या सहकार्याने पिकांचे क्षेत्र व उत्पादन यांचे अंदाज काढण्याचे काम केले. २०१२ मध्ये दिल्लीत महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र सुरू झाले.

आपली अडचण वेगळी आहे ती शेताच्या आकाराची. १७ मार्च १९८८ रोजी सुटलेल्या आयआरएस-१ए या आपल्या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातील एक ठिपका सुमारे ७२ मीटर लांब-रुंद होता. म्हणजे सुमारे ५२ गुंठे एका ठिपक्यात! त्यात मका, तूर, बांध आणि विहिरीवरचे आंब्याचे झाड सगळे एकाच रंगात मिसळून जात असे. आज युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा ठिपका दहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठ्याचा आहे. तरी हिशेब करून पाहा. वीस गुंठ्यांच्या चौकोनी तुकड्यात प्रत्येक बाजूस चार-पाच ठिपके बसतात. कडेच्या ठिपक्यांत शेजाऱ्याचे पीक व बांध येणार. ते सोडले तर निव्वळ आपल्या पिकाचे ठिपके दहाच्या आसपासच उरतात. आंतरपीक असेल तर तेही शुद्ध नाहीत.

शिवाय खरिपात ढग. त्यावर उपाय म्हणून रडार उपग्रह आहेत. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला निसार हा उपग्रह नासा व इस्रो यांनी मिळून तयार केला. त्याचे एक रडार अहमदाबादच्या केंद्राने केले, तर दुसरे कॅलिफोर्नियातील नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेने. ही प्रयोगशाळा सरकारी पैशावर चालते, पण तिचा कारभार कॅलटेक हे विद्यापीठ पाहते. निसार दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि त्याला ढगांची अडचण नाही. मात्र रडार पानाचा रंग पाहत नाही. पिकाची ठेवण, भारदस्तपणा आणि ओलावा त्याला कळतो. पूर आलेले भातशेत किंवा आडवा झालेला मका त्याला दिसेल. खालच्या पानावरील करप्याचे ठिपके दिसणार नाहीत. पोंग्यात दडलेल्या अमेरिकन लष्करी अळीचेही तसेच.

आता त्या शेतकरी बंधूंच्या प्रश्नाकडे येतो. आम्ही त्यांच्या रानात ओळीत शिरून पाहिले. कणसाच्या वरची पाने हिरवी होती, खालची चार-पाच करपलेली. वरून पाहणाऱ्याने हिरवे म्हटले असेल तर त्यात खोटे काही नव्हते, आणि यांचेही खोटे नव्हते. असे नुकसान दाण्यात उतरते ते पुढे, आणि ते कळते पीक कापणी प्रयोगात. म्हणून आपल्या मंडळात कापणी प्रयोग कोणत्या गटात व कोणत्या दिवशी आहे याची चौकशी करून शक्य तितक्या शेतकऱ्यांनी तेथे हजर राहावे. ई-पीक पाहणीत पीक, आंतरपीक व क्षेत्र खरे नोंदवावे. मक्याऐवजी सवयीने मागील वर्षाचे सोयाबीन लिहिले गेले तर जमिनीवरचा आपला दाखलाच चुकतो.

रोगाच्या पाहणीसाठी पेरणीनंतर तीस दिवसांपासून आठवड्यातून एकदा शेतात पाच ठिकाणी आत शिरावे. बांधावरून पाहू नये. प्रत्येक ठिकाणी दहा झाडांची कणसाखालील पाने पाहावीत. शिरांमध्ये लांबट, फिकट तपकिरी, कडेला गडद असे ठिपके दिसू लागताच मॅन्कोझेब ७५ टक्के २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून फवारावे. हवा दमट राहिल्यास दहा ते पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी करावी. बुरशी पिकाच्या अवशेषांवर टिकून राहते, म्हणून काढणीनंतर रोगट धाटे शेतात पडू देऊ नयेत आणि त्याच जागी लागोपाठ मका घेऊ नये. पुढील हंगामात गावातील सर्वांनी एकच वाण घेण्याऐवजी दोन-तीन शिफारशीत वाण वाटून घ्यावेत.