संक्षुब्ध झोत व ग्रंथकर्तृत्व

संक्षुब्ध झोत व ग्रंथकर्तृत्व : अरुंद छिद्रातून स्थिर द्रायूमध्ये (द्रवात वा वायूत) वेगाने शिरणाऱ्या व पुढे जाताना भोवऱ्यांनी विस्कटत जाणाऱ्या प्रवाहास संक्षुब्ध झोत म्हणतात. एखादी रचना कोणाची, किंवा एका नावावर चालत आलेल्या रचनांपैकी कोणत्या खरोखर त्या व्यक्तीच्या, हे ठरविण्याच्या अभ्यासास ग्रंथकर्तृत्वनिर्णय म्हणतात. पहिला विषय अभियंत्यांचा व दुसरा भाषापंडितांचा. तथापि परस्परांशी न जुळणाऱ्या पुष्कळ नमुन्यांतून टिकून राहणारा आकार शोधून काढणे हे दोहोंचे काम असून त्यासाठी वापरले जाणारे गणितही बऱ्याच अंशी एकच आहे. या गणिताच्या आरंभीच्या मांडणींपैकी एक दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै १९०७–२९ जून १९६६) यांनी पुण्यात केली आणि त्याच दशकात भर्तृहरीच्या सुभाषितांच्या कर्तृत्वाचा प्रश्नही त्यांनीच हाताळला. पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात हे दोन्ही विषय शेजारी शेजारी आढळतात. एंजिने व बाष्पित्रे यांच्या कारखान्यांमध्ये झोतांचा नित्य संबंध येतो, तर त्याच पट्ट्यातील आळंदी, देहू व चाकण ही गावे मराठीतील सर्वांत गाजलेल्या कर्तृत्वविषयक प्रश्नांशी निगडित आहेत.

झोताचे स्वरूप : नळीतील प्रवाह केव्हा शांत स्तरांनी वाहतो व केव्हा संक्षुब्ध होतो, हे ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८३ मध्ये रंगीत पाण्याच्या धारेच्या साहाय्याने दाखविले. मुक्त झोत तर अल्प वेगालाच संक्षुब्ध होतो. छिद्राच्या तोंडाशी व्यासाच्या सु. पाचपट अंतरापर्यंत त्याच्या गाभ्यातील वेग कायम राहतो. त्यापुढे कडेचे भोवरे आतपर्यंत पोहोचतात आणि झोत शंकूसारखा पसरू लागतो. या शंकूचा अर्धकोन ११° ते १२° इतका असतो. लक्षणीय गोष्ट अशी की, झोत हवेचा असो वा पाण्याचा, छिद्र लहान असो वा मोठे, हा कोन जवळजवळ बदलत नाही. मध्यरेषेवरील वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. एकूण संवेग कायम राहत असल्याने वेग घटताना वाहणारे वस्तुमान वाढलेच पाहिजे, आणि ते झोत भोवतालचा द्रायू ओढून घेतो म्हणून वाढते. रिकू व स्पॉल्डिंग यांच्या १९६१ मधील मोजणीनुसार छिद्रापासून ३० व्यास अंतरावर झोतातील वस्तुमान मूळच्या सु. दहापट झालेले असते, म्हणजे तेथील द्रायूपैकी नऊदशांश बाहेरून आलेला असतो.

व्यवहारात या ओढून घेण्यालाच महत्त्व आहे. डीझेल एंजिनात इंधन मिलिमीटरच्या एक ते दोन दशांश व्यासाच्या छिद्रांतून, आधुनिक रचनेत सु. २,००० बारपर्यंतच्या दाबाने, तापलेल्या हवेत सोडले जाते. हा झोत थेंबांचा असला, तरी त्याच्या पसरण्याचे नियम वरच्यासारखेच आहेत. त्याने पुरेशी हवा ओढली नाही, तर मधले इंधन अर्धवट जळून काजळी होते. एंजिनाच्या धुरासंबंधीचे नियम कडक होत गेले, तसे छिद्रांचे आकार, संख्या व कोन यांकडे लक्ष देणे कारखानदारांना भाग पडले. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या पुण्यातील संस्थेचे (स्थापना १९६६) एक केंद्र चाकणलाही आहे. बाष्पित्रांचे ज्वालक व मोटारींना रंग देणाऱ्या फवारण्या यांतही प्रश्न तोच असतो.

प्रायोगिक संशोधन : झोतातील वेग दर क्षणी बदलत असल्याने केवळ सरासरी मोजून भागत नाही. विजेने तापविलेल्या अतिशय बारीक तारेचे तापमान प्रवाहामुळे किती उतरते यावरून क्षणोक्षणीचा वेग काढणारा उष्ण-तार वेगमापक हे या अभ्यासाचे दीर्घकाळ मुख्य साधन होते. पुढे लेसर किरणांनी उजळलेल्या सूक्ष्म कणांची लागोपाठ छायाचित्रे घेण्याची पद्धत आली. पूर्वी संक्षोभ म्हणजे निव्वळ अव्यवस्था असे समजले जाई. १९७१ मध्ये क्रो व शँपेन यांनी झोतात ठराविक तालाने उठणाऱ्या मोठ्या भोवऱ्यांच्या रचना दाखविल्या व ही समजूत ढासळली. भारतातील महत्त्वाचा प्रयोग जी. एस. भट व रोद्दम नरसिंह यांनी बंगलोर येथे केला (प्रसिद्धी १९९६). पाण्यात अम्ल मिसळून वीजवाहक बनविलेला झोत वाटेतच विजेने तापविला असता त्यातील मोठे भोवरे मोडतात व त्याची भोवतालचा द्रायू ओढण्याची शक्ती घटते, असे त्यांना आढळले. ढगात बाष्पाचे पाणी होताना उष्णता मोकळी होते, तेव्हा काय घडते हे समजण्यास या प्रयोगाची मदत झाली.

मोठ्या रचना आहेत हे डोळ्यांना दिसले, तरी त्या मोजणीतून वेगळ्या कशा काढाव्यात हा प्रश्न उरतो. येथे कोसंबींचे गणित उपयोगी पडते. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापक असताना १९४३ मध्ये त्यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात फलन-अवकाशातील सांख्यिकीवर एक लेख प्रसिद्ध केला. त्याचा आशय साध्या शब्दांत असा : एकाच घटनेच्या पुष्कळ नोंदी, म्हणजे पुष्कळ वक्र, हाती असतील, तर त्या सर्वांशी सरासरीने सर्वाधिक जुळेल असा एक आकार प्रथम शोधावा. प्रत्येक नोंदीतून त्याचा वाटा वजा करावा. जे उरेल त्याच्याशी सर्वाधिक जुळणारा व पहिल्याशी लंबकोनी असलेला दुसरा आकार शोधावा, आणि याप्रमाणे पुढे जावे. आकार आधी गृहीत धरावयाचे नसून ते नोंदींनीच सांगावयाचे, हे या रीतीचे वैशिष्ट्य होय. जॉन लम्ली यांनी १९६७ मध्ये ती संक्षुब्ध प्रवाहांस लावली. ग्लाउझर व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये झोताच्या कडेच्या थरात ती वापरली, तेव्हा एकट्या पहिल्या आकारात संक्षोभी ऊर्जेचा सु. ४०% भाग सामावलेला आढळला. २००० साली सिट्रिनिटी व जॉर्ज यांनी एकाच वेळी १३८ उष्ण तारांनी मोजणी करून झोताच्या संपूर्ण छेदातील रचना पुन्हा उभी केली.

ही रीत बहुतेक पाठ्यपुस्तकांत कार्हुनेन व लोएव्ह यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे लेख कोसंबींच्या नंतरचे आहेत. तिघांनीही ती स्वतंत्रपणे शोधली यात शंका नाही. पण युद्धकाळात भारतीय नियतकालिकात छापलेला लेख फारसा कोणी पाहिला नाही. लम्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वसूरींच्या यादीत कोसंबींचे नाव नमूद केले आणि नरसिंह यांनी २०११ मध्ये त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. पद्धतीच्या नावात मात्र ते आलेले नाही. कर्तृत्वाचा प्रश्न केवळ जुन्या पोथ्यांपुरता नसतो, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

भर्तृहरीची सुभाषिते : नीती, शृंगार व वैराग्य या तीन शतकांत नावाप्रमाणे तीनशे श्लोक असावयास हवेत, परंतु पोथ्यापोथ्यांतून श्लोक बदलतात आणि एकूण संख्या कितीतरी अधिक भरते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे वि. सी. सुखठणकर (तेही मूळचे केंब्रिजचे गणिताचे विद्यार्थी) यांच्या पाठचिकित्सेचा आदर्श कोसंबींपुढे होता. त्यांनी साडेतीनशेहून अधिक हस्तलिखिते तपासली, त्यांच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरा लावल्या आणि १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. बहुतेक सर्व परंपरांत येणारे २०० श्लोक त्यांनी मूळ गाभा म्हणून वेगळे काढले. संशयित व एखाद्याच परंपरेत आढळणारे श्लोक निरनिराळ्या गटांत ठेवले. या कामात त्यांनी १९४३ चे गणित वापरलेले नाही. साम्य आहे ते विचाराच्या दिशेत. ग्रंथाच्या नावातही ही सुभाषिते भर्तृहरीची आहेत असे न म्हणता त्याच्या नावावर असलेली असेच त्यांनी म्हटले आहे. सर्वांत समान तो भाग सर्वांत जुना ठरतो, पण तो अमुक एका माणसाने लिहिला हे त्यावरून सिद्ध होत नाही, हा भेद त्यांनी कटाक्षाने पाळला. १९४५ ते १९६२ या काळात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करताना ते पुण्याहून मुंबईस दख्खनच्या राणीने ये-जा करीत. तो लोहमार्ग पिंपरी व चिंचवड येथूनच जातो. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना त्याच काळात, १९५४ मध्ये, उभा राहिला.

सांख्यिकी व लेखनशैली : शैलीवरून लेखक ओळखण्यासाठी ठळक शब्दांपेक्षा नकळत येणारे लहान शब्द अधिक उपयोगी पडतात. मॉस्टेलर व वॉलेस यांनी १९६४ मध्ये अमेरिकन संविधानाच्या समर्थनार्थ १७८७–८८ मध्ये निनावी छापलेल्या निबंधांपैकी वादग्रस्त १२ निबंध मॅडिसन यांचे असल्याचे अशाच शब्दांच्या वारंवारतेवरून दाखविले. पुढे जॉन बरोज यांनी प्रत्येक लेखनातील अनेक शब्दांच्या वारंवारता एकत्र घेऊन त्यांतून प्रमुख घटक काढण्याची पद्धत रूढ केली. कोसंबींच्या रीतीचेच हे मर्यादित संख्येच्या राशींसाठीचे रूप असून ते पिअर्सन (१९०१) व हॉटेलिंग (१९३३) यांच्यापासून माहीत होते. येथे निबंध हा झोताच्या एका क्षणाच्या नोंदीसारखा धरला जातो. संक्षोभाचा सिद्धांत मांडणारे कॉल्मोगोरोव्ह हेही पुढे रशियन कवितेच्या छंदांच्या सांख्यिकीकडे वळले होते.

मराठीतील प्रश्न : ज्ञानेश्वरी (१२९०) रचणारे ज्ञानेश्वर व अभंगकर्ते ज्ञानदेव हे भिन्न होत, असे मत शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुधारक पत्रातून मांडले. अभंगांची अर्वाचीन वाटणारी भाषा आणि ज्ञानेश्वरीत न आढळणारी विठ्ठलभक्ती हे त्यांचे मुख्य आधार होते. बहुतेक अभ्यासकांनी हे मत स्वीकारले नाही. शब्दमोजणीने हा वाद सहज मिटेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते तसे नाही. ज्ञानेश्वरी हा गीतेवरील ओवीबद्ध टीकाग्रंथ असून एकनाथांनी १५८४ मध्ये तिचा पाठ शुद्ध केला. अभंग शतकानुशतके गाइले गेले व गाणाऱ्यांच्या तोंडी नवे रूप घेत गेले. अशा स्थितीत मोजणीत दिसणारा फरक दोन लेखकांचा असेल, दोन काव्यप्रकारांचा असेल किंवा दोन प्रकारच्या जतनाचाही असेल. झोताच्या प्रयोगात छिद्र व वेग हवे तसे बदलून कारणे वेगळी करता येतात. येथे ती सोय नाही.

तुकारामांच्या बाबतीत साधन काहीसे अधिक भक्कम आहे. मुंबई सरकारच्या मदतीने इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९–७३ मध्ये निघालेल्या गाथ्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. परंपरेने तुकारामांचे लेखक मानले गेलेले संताजी तेली जगनाडे हे चाकणचे. त्यांच्या वहीच्या आधारे वि. ल. भावे यांनी १९२० च्या सुमारास वेगळा गाथा छापला. त्यातील अभंगसंख्या पुष्कळ कमी आहे. वहीत असलेले अभंग पाया धरून इतर अभंग त्यांच्याशी ताडून पाहणे शक्य आहे. परंतु त्याआधी वहीतील कोणता भाग जगनाडे यांच्या हातचा व कोणता मागाहून उतरविलेला, हे अक्षरवळण व कागद पाहूनच ठरवावे लागते.