कॉफीचा दट्ट्या आणि अर्ध्या मिलिमीटरची फट

नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याने निघाले की विमानतळाला लागून मिहानचा विस्तार सुरू होतो. तेथील एका संगणक-कंपनीत काम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीने गेल्या हिवाळ्यात मला एक प्रश्न विचारला. तिने आणि तिच्या तीन सहकाऱ्यांनी वर्गणी काढून कॉफी करण्यासाठी एक 'फ्रेंच प्रेस' विकत घेतला होता. महिनाभरात धुताना त्याची काच फुटली. दुकानदार म्हणाला, "सुटी काच येत नाही, नवाच घ्या." दुसऱ्या दुकानात एक लीटरची सुटी काच मिळाली, पण तिच्यात जुना दट्ट्या बसवला तर कपात चोथा येऊ लागला. "सर, दोन्ही काचा एक लीटरच्याच आहेत. मग असे का?"

या प्रश्नाचे उत्तर नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानात आहे. ते पाहता पाहता चांगला फ्रेंच प्रेस कसा निवडावा आणि त्याचे सुटे भाग कसे जुळवावेत, हेही आपोआप कळेल.

प्रथम उपकरण पाहू. उंच, सरळ भिंतींचे काचेचे भांडे. त्याला बीकरसारखी चोच. झाकणाच्या मधून एक दांडा खाली जातो. दांड्याच्या टोकाला तीन चकत्या असतात: वर स्प्रिंग गुंडाळलेली चकती, मध्ये पोलादी तारेची बारीक जाळी आणि खाली जाळीला आधार देणारी भोकांची चकती. या तिन्ही मिळून झाला दट्ट्या. भांड्यात कॉफीची जाडसर पूड घालावी, वर गरम पाणी ओतावे, चार मिनिटे थांबावे आणि दट्ट्या सावकाश खाली ढकलावा. चोथा तळाशी दाबला जातो, वर कॉफी राहते. आपल्याकडील पितळी फिल्टरमध्ये पाणी पुडीतून ठिबकत खाली उतरते. येथे पूड पाण्यातच मुरते. दोन्ही पद्धतींत हा मुख्य फरक आहे.

नाव फ्रेंच असले तरी या उपकरणाची हकीकत तीन देशांत पसरली आहे. १८५२ साली मेयर आणि डेलफोर्ज या दोघांनी फ्रान्समध्ये अशा दट्ट्याचे पेटंट घेतले. परंतु त्यांचा दट्ट्या भांड्याच्या भिंतीला घट्ट बसत नसे आणि चोथा कडेने वर येई. इटलीतील मिलान शहरच्या कालिमानी आणि मोनेटा यांनी १९२९ च्या सुमारास चकतीच्या कडेभोवती स्प्रिंग बसवली. पुढे १९५८ मध्ये फालिएरो बोंदानिनी या स्वित्झर्लंडच्या गृहस्थाने त्यात सुधारणा केली आणि ते उपकरण फ्रान्समधील एका कारखान्यात तयार होऊ लागले. गंमत अशी की, हा कारखाना मूळचा क्लॅरिनेट या वाद्याचा होता! फुंकवाद्यात हवा गळता कामा नये आणि कॉफीच्या भांड्यात कडेने चोथा निसटता कामा नये. तेव्हा ही संगत अगदीच विजोड म्हणता येणार नाही.

म्हणजे १८५२ सालची अडचण आणि मिहानमधली अडचण एकच. कड!

मी तिला दोन्ही वस्तू महाविद्यालयात आणायला सांगितल्या. जुन्या भांड्याचा वरचा काठ सुदैवाने शाबूत होता. व्हर्नियर कॅलिपरच्या वरच्या लहान जबड्यांनी आतला व्यास मोजला. जुना ९६ मि.मी., नवा ९७ मि.मी. फरक अवघा एक मिलिमीटर. दट्ट्या मधोमध धरला, तर भोवताली अर्ध्या मिलिमीटरची फट. डोळ्यांना ती जवळजवळ दिसतही नाही.

आता या फटीचे क्षेत्रफळ काढा. परीघ म्हणजे ३.१४ × ९६, सुमारे ३०० मि.मी. त्याला अर्ध्या मिलिमीटरने गुणले की आले १५० चौरस मिलिमीटर. एवढ्याच क्षेत्रफळाचे गोल भोक केवढे असेल? जवळजवळ १४ मि.मी. व्यासाचे! जाळीच्या मधोमध कोणी करंगळी जाईल असे भोक पाडले असते, तर आपण ती जाळी लगेच टाकून दिली असती. कडेला पसरलेले तेवढेच भोक मात्र नजरेतून सुटते.

एवढ्याने भागत नाही. अरुंद फटीतून वाहणाऱ्या द्रवाचा एक नियम आहे. दाब तोच ठेवला, तर प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फट दुप्पट झाली की प्रवाह आठपट. तिप्पट झाली की सत्तावीसपट. कारण भिंतीला चिकटलेला द्रवाचा थर हलत नाही. फट जितकी अरुंद तितका या न हलणाऱ्या थरांचा अडथळा मोठा. म्हणून फट थोडी जरी रुंदावली तरी पाणी जाळीच्या बारीक छिद्रांतून जाण्याचे कष्ट घेत नाही. कडेच्या मोकळ्या वाटेने निघते आणि जाताना चोथ्यालाही बरोबर नेते.

तर मग नवे दट्टे एवढासा फरक चालवून कसे घेतात? ते काम स्प्रिंगचे. ती जाळीची कड सतत बाहेर ढकलून काचेला टेकवते. साच्यातून काढलेली काच कधीच अचूक गोल नसते. एखादे भांडे किंचित अंडाकृतीही असते. स्प्रिंग जिवंत असेल तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक ती भरून काढते. आमच्या विद्यार्थिनीची स्प्रिंग मात्र एका बाजूला चेपून कायमची बसली होती. तेव्हा तिला खरी गरज होती ती काचेइतकीच स्प्रिंगच्या चकतीची. सुटे भाग घेताना काच आणि जाळी सर्वांना आठवते. या चकतीची चौकशी सहसा कोणी करत नाही.

आता धारणाशक्तीची गोष्ट. 'एक लीटर' हे आकारमान आहे, व्यास नव्हे. ९६ मि.मी. व्यासाच्या भांड्यात एक लीटर पाणी १३.८ सें.मी. उंचीपर्यंत येते; ९७ मि.मी. च्या भांड्यात १३.५ सें.मी. पर्यंत. उंचीतील तीन मिलिमीटरचा फरक दुकानात कोणाच्या लक्षात येणार? 'आठ कपांचा', 'तीन कपांचा' ही वर्णने तर आणखी फसवी. त्यातला कप साधारण सव्वाशे मिलिलीटरचाच असतो. म्हणून सुटी काच घेताना तीन मापे हवीत: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची. आतल्या व्यासावर दट्टा बसणार, बाहेरच्या व्यासावर धातूची चौकट आणि उंचीवर झाकण. आतला व्यास दोन-तीन दिशांनी मोजावा, म्हणजे भांडे गोल आहे की नाही तेही कळते. जाळी घेताना तिच्या मधल्या भोकाचे माप पाहावे आणि दांड्याचे आटे जुळतात की नाही, ते प्रत्यक्ष फिरवून पाहावे.

माझे मत विचाराल, तर ज्याची काच, जाळी आणि स्प्रिंगची चकती सुटी मिळते, तोच फ्रेंच प्रेस घ्यावा. मग तो दिसायला साधा असला तरी हरकत नाही. सोनेरी मुलामा आणि नक्षीदार मूठ यांचा कॉफीशी काही संबंध नाही.

काचेकडे वळू. साध्या काचेचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे दशलक्षांश ९. बोरोसिलिकेट काचेचा सुमारे ३.३. भांड्याची आतली बाजू उकळत्या पाण्याने एकदम तापते, बाहेरची अजून थंडच असते. आतला थर पसरू पाहतो, बाहेरचा त्याला अडवतो आणि काचेत ताण निर्माण होतो. प्रसरणांक तिपटीने कमी, म्हणून ताणही त्याच प्रमाणात कमी. काच जाड म्हणजे मजबूत, हा समज येथे उलटा ठरतो. जाड काचेत उष्णता पलीकडे पोचायला वेळ लागतो आणि दोन्ही बाजूंच्या तापमानात फरक अधिक पडतो. ढवळायला लाकडी चमचा वापरावा. काच फुटण्याची सुरुवात बहुधा पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ओरखड्यापासून होते, हे ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास दाखवून दिले. स्टीलचा चमचा असे ओरखडे पाडतो आणि काच पुढे कधीतरी, वरवर पाहता विनाकारण, तडकते.

फुटलेली काच बोरोसिलिकेट होती की साधी, हे ओळखण्याचा एक सुरेख प्रयोग आहे. तो शिक्षकांनी स्वतः, चिमट्याने तुकडा धरून करून दाखवावा. काचेच्या पेल्यात शुद्ध ग्लिसरीन घ्या आणि तुकडा त्यात बुडवा. बोरोसिलिकेट काचेचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आणि ग्लिसरीनचाही तेवढाच. त्यामुळे प्रकाशकिरण वाकत नाहीत, परावर्तितही होत नाहीत आणि तुकडा जणू नाहीसा होतो. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास. तिच्या कडा स्पष्ट दिसत राहतात. आमच्या त्या भांड्याचा तुकडा दिसत राहिला!

पोलादी भागांची परीक्षा पुष्कळ जण चुंबकाने घेतात. न गंजणारे उत्तम पोलाद सहसा चुंबकाला चिकटत नाही हे खरे. परंतु तेच पोलाद थंड अवस्थेत ओढून तार किंवा स्प्रिंग केली की तिच्यात थोडे चुंबकत्व येऊ शकते. तेव्हा स्प्रिंग किंचित चिकटली म्हणून ती टाकाऊ ठरवू नये.

आता धोक्याची गोष्ट. बाजारात फिल्टर कॉफीची म्हणून मिळणारी पूड बारीक असते. ती फ्रेंच प्रेसमध्ये घातली की जाळी बुजते आणि दट्ट्या मध्येच अडतो. मग पुष्कळ जण उभे राहून अंगाचा भार टाकतात. तो भार २० किलोग्रॅम धरू. दट्ट्याचे क्षेत्रफळ ७२ चौ. सें.मी. आहे. घर्षण वगळले तर द्रवावरचा दाब दर चौ. सें.मी.ला सुमारे २८० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २.८ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका! अशा वेळी दट्ट्या जरा तिरका झाला की एका बाजूची कड काचेपासून सुटते आणि नव्वद अंशांचे पाणी तेथून चिळकांडीसारखे तोंडावर येऊ शकते. हाताच्या नुसत्या वजनाने, समजा दोन किलोग्रॅमने, हाच स्तंभ २८ सें.मी. भरतो. म्हणून दट्ट्या अडला तर जोर लावू नये. तो थोडा वर घ्यावा, क्षणभर थांबावे आणि पुन्हा सावकाश दाबावा. पूड जाड्या रव्यासारखी हवी, लीटरला साठ ग्रॅमच्या आसपास.

पाणी किती गरम हवे? उकळून अर्धा मिनिट थांबलेले. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, म्हणून येथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते. कॉफीची लागवड असलेल्या आपल्या विदर्भातल्या चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटर उंचीवर, ते ९६ अंशांच्या थोडे वर उकळते. तेथे थांबण्याचीही गरज नाही. निवण्याचा वेग भोवतालच्या हवेशी असलेल्या तापमानाच्या फरकावर अवलंबून असतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत ९५ अंशांच्या कॉफीचा फरक ५० अंशांचा, डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत तो ८३ अंशांचा. म्हणजे हिवाळ्यात ती सुरुवातीला दीडपटीहून अधिक वेगाने निवते. मिहानच्या वातानुकूलित कचेरीत मात्र बाराही महिने सारखेच. ज्यांना कॉफी तासभर गरम हवी त्यांनी दुहेरी भिंतीचे पोलादी भांडे घ्यावे. ते फुटतही नाही. मात्र आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे नुकसानच.

जाळी दर वेळी चकत्या सुट्या करून धुवावी. कॉफीतले तेल तारांमध्ये अडकून खवट होते. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती भिजत ठेवली म्हणजे पुरते. हेच तेल, कागदी गाळणीत अडकणारे, पोलादी जाळीतून कपात उतरते. त्यातील कॅफेस्टॉल या पदार्थाने रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. ज्यांना डॉक्टरांनी जपायला सांगितले आहे त्यांनी कागदी गाळणीच वापरावी.

आणि दट्ट्या कितीही घट्ट बसला, तरी अगदी सूक्ष्म कण जाळीतून निसटणारच. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे त्यांचा बुडण्याचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दहापट लहान कणाला तळ गाठायला शंभरपट वेळ लागतो. दाबल्यानंतर दोन मिनिटे थांबून ओतले तर त्यातले मोठे कण भांड्यातच राहतात. उरलेले कपाच्या तळाशी बसतात, तेव्हा शेवटचा घोट कपातच राहू द्यावा.