भूमध्य सागरी नगरांतील सार्वजनिक चौक : रचनेची तत्त्वे

मराठीतील ‘चौक’ या शब्दाला दोन निरनिराळे अर्थ आहेत. वाड्याच्या पोटातील, चहूबाजूंनी ओसऱ्या आणि वर आकाश असलेली जागा हा एक अर्थ. चार रस्ते जेथे एकमेकांस छेदतात ते स्थान हा दुसरा. पहिल्या चौकात माणसे बसतात, वावरतात, सणसमारंभ साजरे करतात. दुसऱ्या चौकातून ती पलीकडे निघून जातात. भूमध्य समुद्राभोवतालच्या नगरांतील सार्वजनिक चौकाचे, म्हणजे इटालियन भाषेतील ‘पियात्झा’चे, स्वरूप समजून घेताना हा भेद उपयुक्त ठरतो. पियात्झा रस्त्यांना जोडलेला असतो, परंतु त्याचे नाते वाड्यातील चौकाशी अधिक जवळचे आहे. त्याच्या रचनेमागील तत्त्वे कोणती आणि ती सुटली म्हणजे काय गमावले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ग्रीक नगरांतील ‘अगोरा’ आणि रोमन नगरांतील ‘फोरम’ ही या चौकाची पूर्वरूपे होत. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हिअस याने आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात फोरमविषयीचे नियम दिले आहेत. रुंदी लांबीच्या दोन तृतीयांश असावी, असे तो सांगतो. कारण इटलीत ग्लॅडिएटरांच्या झुंजी फोरममध्ये होत आणि त्यासाठी लांबट जागा सोयीची पडे. त्याची दुसरी सूचना अधिक मार्मिक आहे. जागेचे आकारमान लोकसंख्येच्या मानाने ठरवावे. ती अपुरी पडू नये, तशीच माणसांअभावी ओसाडही दिसू नये. पंधराव्या शतकात आल्बेर्ती याने या विचारात उंचीची भर घातली. चौकाभोवतालच्या इमारतींची उंची चौकाच्या रुंदीच्या एक तृतीयांश असावी, निदान एक षष्ठांशाहून कमी नसावी, असे त्याचे मत होते. भिंती फार ठेंगण्या असल्या तर चौकाला ‘खोली’पण येत नाही, हा या प्रमाणाचा मथितार्थ होय.

ही तत्त्वे प्रत्यक्षात कशी उतरतात, हे सिएना येथील ‘पियात्झा देल काम्पो’वरून उत्तम प्रकारे दिसते. सिएना समुद्रापासून आत वसलेले असले, तरी त्याच नागर परंपरेतील आहे. तीन टेकड्यांच्या मधोमध असलेली ही उतरती जागा सपाट करण्याचा खटाटोप नगरवासीयांनी केला नाही; उताराचाच उपयोग करून घेतला. 1327 ते 1349 या काळात तेथे विटांची फरसबंदी झाली. फिकट दगडाच्या पट्ट्यांनी तिचे नऊ भाग पाडले असून ते 1287 ते 1355 पर्यंत सत्तेवर असलेल्या ‘नऊ जणांच्या शासना’चे द्योतक मानले जातात. सर्व पट्ट्या शिंपल्यावरील रेघांप्रमाणे खालच्या टोकाशी, नगरसभागृहासमोर, एकत्र येतात. पावसाचे पाणी तेथेच वाहून येते आणि माणसाची नजरही तेथेच स्थिरावते. जलनिस्सारण, शोभा आणि राजकीय आशय ही तिन्ही कार्ये एकाच फरसबंदीने साधली आहेत.

चौकाच्या भिंती खासगी घरांच्या होत्या, तथापि त्यांच्या दर्शनी बाजूवर नगराचा अधिकार होता. काम्पोसमोरील घरांच्या खिडक्या लहान स्तंभांनी विभागलेल्या असाव्यात आणि पुढे आलेले सज्जे नसावेत, असा नियम सिएनाने 1297 मध्ये केला. बोलोन्याने 1288 मध्ये नव्या घरांना पुढील बाजूस कमानींची पडवी बंधनकारक केली. पडवी घरमालकाची, पण तिच्यातून जाण्याचा हक्क सर्वांचा, असा तो संकेत होता. कडक उन्हात आणि पावसात या पडव्यांमुळे बोलोन्यातील रस्ते व चौक वापरण्याजोगे राहतात. युनेस्कोने 2021 मध्ये त्यांचा जागतिक वारशात समावेश केला.

प्रवेशमार्ग आणि मध्यभाग यांविषयीचे विवेचन व्हिएन्नाचे वास्तुविद कामिलो सिटे यांनी 1889 मधील आपल्या ग्रंथात केले. जुन्या इटालियन चौकांत रस्ते समोरासमोर आरपार जात नाहीत, तर कोपऱ्यांतून निरनिराळ्या दिशांनी आत येतात. त्यामुळे आत उभ्या असलेल्या माणसाला भिंत अखंड भासते. रावेन्ना येथील कॅथीड्रलसमोरचा चौक हे सिटे यांचे एक उदाहरण होते. पुतळे आणि कारंजी मध्यावर न ठेवता कडेला ठेवण्याची प्रथाही त्यांनी दाखवून दिली. मुले बर्फाचा बाहुला जशी रहदारीच्या चाकोऱ्या टाळून उरलेल्या जागी उभारतात, तशीच ही स्मारके उभी राहिली, अशी त्यांची उपपत्ती होती. काम्पोमधील ‘फोन्ते गाया’ हे कारंजेही वरच्या कडेलाच आहे. मध्य लोकांसाठी मोकळा आहे. म्हणूनच दरवर्षी 2 जुलै आणि 16 ऑगस्ट रोजी तेथे ‘पालिओ’ ही घोडेशर्यत भरते, तेव्हा घोडे कडेने धावतात आणि प्रेक्षक मध्यभागी उभे राहतात.

विसाव्या शतकात मोटारीने या रचनेवर मोठा आघात केला. नेपल्स येथील ‘पियात्झा देल प्लेबिशितो’ हा राजवाडा आणि स्तंभावलीयुक्त चर्च यांमधील भव्य चौक कित्येक वर्षे वाहनतळ होऊन राहिला होता. 1994 मध्ये, तेथे भरलेल्या सात राष्ट्रांच्या शिखर परिषदेच्या निमित्ताने, तो मोकळा करण्यात आला. विशेष म्हणजे भिंती, प्रमाण, फरसबंदी सारे जागच्या जागी होते. केवळ वापर बदलल्याने चौक नाहीसा झाला होता. मार्सेच्या जुन्या बंदरात 2013 मध्ये पादचाऱ्यांसाठी जागा वाढवताना नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने चकचकीत पोलादाचे 46 मीटर लांब व 22 मीटर रुंद छत बारीक खांबांवर उभारले. त्याखाली सावली मिळते आणि वर पाहिले असता खालची वर्दळ आरशात दिसावी तशी दिसते. पडवीचेच कार्य येथे नव्या सामग्रीने केले आहे.

या उदाहरणांवरून असे दिसते की, चौकाची मोकळीक ही इमारती बांधून झाल्यावर उरलेली जागा नव्हे. ती भिंतींच्या प्रमाणातून, जमिनीच्या उतारातून, सावलीतून आणि घरमालक व नगर यांच्यातील करारातून जाणीवपूर्वक घडवावी लागते. यांपैकी शेवटचा घटक डोळ्यांना दिसत नाही. परंतु तो ढिला पडला, की उरलेले सर्व शाबूत असूनही नेपल्सप्रमाणे चौकाचे वाहनतळ होते आणि वाड्यातील चौकाचे सगोत्र असलेले ते स्थान नुसत्या रहदारीच्या अर्थाने ‘चौक’ उरते.