फॅड गॅजेट

फॅड गॅजेट (मूळ नाव: फ्रान्सिस जॉन टोव्ही, ८ सप्टेंबर, १९५६ - ३ एप्रिल, २००२) हे ब्रिटिश गायक, गीतकार व संगीतकार होते. ते फ्रँक टोव्ही या नावानेही ओळखले जातात. न्यू वेव्ह व सिंथपॉप या संगीतप्रकारांच्या आरंभकाळातील ते एक महत्त्वाचे कलावंत होत. त्यांना व्यापक लोकप्रियता लाभली नाही. मात्र मोजक्या, निष्ठावान श्रोतृवर्गात त्यांचे स्थान अढळ राहिले. यंत्रांच्याच साहाय्याने यंत्रयुगातील माणसाची कोंडी मांडणे, हे त्यांच्या गीतांचे मुख्य सूत्र होय.

प्रारंभ

लंडनमध्ये जन्मलेल्या टोव्ही यांनी लीड्स पॉलिटेक्निक येथे दृश्यकला व मूकाभिनय यांचे शिक्षण घेतले. डॅनियल मिलर यांच्या म्यूट रेकॉर्ड्स या कंपनीने करारबद्ध केलेले ते पहिले कलावंत होत. सिंथेसायझर व ड्रम मशीन यांवर आधारलेले त्यांचे ‘बॅक टू नेचर’ हे गीत १९७९ साली प्रकाशित झाले. मिलर यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिकेनंतरची ती कंपनीची दुसरीच ध्वनिमुद्रिका होती.

फॅड गॅजेट या नावाने

‘रिकीज हँड’ (१९८०) हे गीत दारूच्या नशेत वाहन चालवून हात गमावणाऱ्या तरुणाविषयी आहे. त्यात विजेवर चालणाऱ्या ड्रिल यंत्राचा आवाज वाद्यासारखा वापरला आहे. पुढे ‘फायरसाइड फेव्हरिट्स’ (१९८०), ‘इनकॉन्टिनंट’ (१९८१), ‘अंडर द फ्लॅग’ (१९८२) व ‘गॅग’ (१९८४) हे अल्बम आले. ‘अंडर द फ्लॅग’वर फॉकलंड युद्धकालीन ब्रिटनची छाया असून त्यात ॲलिसन मॉयेट यांनी सहगायन केले आहे. ‘गॅग’मधील ‘कोलॅप्सिंग न्यू पीपल’ या गीतासाठी बर्लिनच्या आइन्श्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या वाद्यवृंदाचे साहाय्य लाभले. ‘गॅग’च्या मुखपृष्ठावर टोव्ही अंगाला डांबर व पिसे फासलेल्या अवस्थेत दिसतात. रंगमंचावरही ते आपल्या शरीराचा असाच निर्भीड वापर करीत. यंत्रसंगीत निर्जीव असते, या समजाला त्यांचे सादरीकरण हे प्रत्यक्ष उत्तर होते.

उत्तरकाळ

१९८४ नंतर त्यांनी फ्रँक टोव्ही याच नावाने लेखन-गायन केले. ‘टिरनी अँड द हायर्ड हँड’ (१९८९) या अल्बममध्ये त्यांनी श्रमिकांची व निषेधाची जुनी गीते गायली. वाफेच्या यंत्राशी झुंजून प्राण गमावणाऱ्या जॉन हेन्रीचे लोकगीत त्यांत आहे. वाद्ये बदलली तरी विषय तोच राहिला, असे यावरून दिसते.

प्रभाव व निधन

१९८० मध्ये लंडनच्या कॅनिंग टाउन भागातील ब्रिज हाउस येथे फॅड गॅजेट यांच्या कार्यक्रमापूर्वी डिपेश मोड हा नवखा वाद्यवृंद गायला. मिलर यांनी त्याला तेथेच हेरले व पुढे तो जगप्रसिद्ध झाला. २००१ साली भूमिका उलटल्या: डिपेश मोडच्या दौऱ्यात मुख्य कार्यक्रमापूर्वी फॅड गॅजेट गायले. जुन्या नावाने त्यांचे हे पुनरागमन अल्पकालीन ठरले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४५ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.