नदी थोरली की डोंगर?

काठमांडूच्या खोऱ्यात पूर्वी सरोवर होते, मंजुश्रीने तलवारीने चोभारचा डोंगर चिरला आणि पाणी बागमतीच्या वाटेने निघून गेले, अशी नेपाळची कथा आहे. काश्मीरच्या सतीसराची कथाही याच वळणाची. दोन्हींत डोंगर आधीचा, वाट नंतरची. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक अभ्यासकांनीही हेच गृहीत धरले होते. फक्त तलवारीच्या जागी भूकंपाने पडलेली भेग आली होती. हे गृहीतक नेटाने उलटवले भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी. अमेरिकी यादवी युद्धात एक हात गमावलेला हा माणूस 1869 साली होड्या घेऊन ग्रीन नदीत उतरला. युइंटा पर्वतरांगेला पूर्वेकडून वळसा घालता आला असता, तरी ही नदी थेट रांगेतच शिरते, लोडोरच्या खोल घळईतून पलीकडे निघते. 1875च्या अहवालात पॉवेल यांनी उत्तर दिले की नदी आधीची आहे. डोंगर तिच्याखाली सावकाश वर आला आणि ती त्याला कापत राहिली. करवत जागच्या जागी, लाकूड मात्र तिच्याकडे सरकत येते, तसे. अशा नदीला आज पूर्ववर्ती नदी म्हणतात.

पण ज्या डोंगरात ही कल्पना सुचली, तिथेच ती टिकली नाही. भूवैज्ञानिक सॅम्युएल एमन्स यांनी त्याच काळात तिच्यावर आक्षेप घेतला होता आणि पुढचा पुरावा त्यांच्या बाजूने गेला. युइंटा रांगेचे उठणे सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत बहुतांशी आटोपले होते. नंतर तिचा पूर्वेकडचा भाग खचला, तिथे ब्राउन्स पार्कचा गाळ साचला, आणि हे साचणे सुमारे 80 लाख वर्षांपूर्वीपर्यंत चालू होते. लोडोरची वाट त्याहून अलीकडची आहे. नदी या गाळावरून वाहू लागली. गाळ झिजला तसा खाली गाडलेला कठीण खडक तळाला लागला, पण तोवर पात्र रुतले होते. शेजारच्या प्रवाहाने मागे कुरतडत तिला पळवले का, यावर वाद झाला, पण धाकटी नदीच ठरली. नदी थोरली असो की डोंगर, घळईचे रूप सारखेच दिसते, त्यामुळे रूपावरून वय ठरवता येत नाही. वय सांगतो तो आजूबाजूचा गाळ आणि खडक, असे मला या साऱ्या इतिहासावरून ठामपणे वाटते.

मग पॉवेल यांची कल्पनाच टाकून द्यावी का? हिमालय तसे करू देत नाही. अरुण नदी तिबेटात उगम पावते आणि मकालू व कांचनगंगा यांच्यामधून नेपाळात उतरते. जलविभाजक सर्वोच्च शिखरांच्या उत्तरेला राहतो. म्हणून नदी शिखरांच्या आधीची वाटते. पण यावरचा आक्षेप वजनदार आहे. दक्षिण उतारावर मोसमी पाऊस कोसळतो, उतारही तीव्र. तिथल्या एखाद्या ओढ्याने मागे खोदत जाऊन तिबेटातली नदी ओढून घेतली असेल. भूवैज्ञानिक लॉरेन्स वेगर यांनी 1937 साली याला खडकातूनच उत्तर दिले. यो री इथे अरुण कठीण नाइस खडक कापून जाते, आणि बाजूलाच मऊ शिस्ट खडकाचा पट्टा मोकळा आहे. मागे कुरतडत येणारा ओढा मऊ खडक धरून आला असता. कठीण खडकात अडकते ती आधीपासून वाहणारी नदी. वेगर त्याही पुढे गेले. नदीने खडक वाहून नेला की पृथ्वीचे कवच हलके होते आणि वर उचलले जाते, म्हणजे घळईकाठच्या शिखरांच्या उंचीत नदीचाही वाटा आहे, असे त्यांनी सुचवले.

2001 साली हाच धागा पीटर झाइटलर आणि सहकाऱ्यांनी तिबेटातल्या त्संगपो नदीच्या घळईपर्यंत नेला. नामचा बरवा (7,782 मीटर) आणि ग्याला पेरी यांच्यामधून ही नदी जिथे कोसळते, तिथे तिच्या वेगवान खोदण्यामुळेच खालचे तापलेले, मऊ कवच वर फुगते, अशी त्यांची मांडणी होती. 2014 साली वांग पिंग आणि सहकाऱ्यांनी घळईच्या वरच्या अंगाला ड्रिलने खोल छिद्रे पाडली. नदीचे जुने पात्र तिथे अर्धा किलोमीटरहून जाड वाळूगोट्यांखाली गाडलेले सापडले, आणि तळाच्या गाळाचे वय 20 ते 25 लाख वर्षे निघाले. डोंगर वाटेत उठू लागला, उतार मोडला, आणि मागे गाळ तुंबला. म्हणजे नामचा बरवाच्या उचलीची सुरुवात नदीने केलेली नाही, उलट त्या उचलीमुळे घळई इतकी तीव्र झाली. पुढे नदीच्या खोदण्याने उचलीला हातभार लावला असेल, हे यातून खोडले जात नाही. पण आज गाळाखाली असलेल्या पात्रातून त्संगपो वाहत होती, तेव्हा तिच्या वाटेतली ती घळई अजून इतकी तीव्र झालेली नव्हती.