दाताच्या एका खुणेमागे केवढा कायदा!

दाताच्या एका खुणेची किंमत किती असेल? प्रश्न चमत्कारिक वाटतो ना? पण चंदीगडच्या पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचं चक्क आकड्यात उत्तर दिलं. भटकं कुत्रं चावलं, तर अंगावर उमटलेल्या दर दातामागे किमान १० हजार रुपये. मांस तुटून निघालं असेल, तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २० हजार. म्हणजे एक सेंटिमीटर जखमेचे झाले एक लाख! आणि हे पैसे कोणी द्यायचे? सरकारनं. ज्या कुत्र्याला ना पट्टा, ना घर, ना मालक, त्याच्या दातांचा हिशेब सरकारच्या नावावर!

आता तेच कुत्रं आपल्या लोणावळ्याच्या बाजारपेठेत किंवा कामशेतच्या स्टेशनाबाहेर चावलं तर? पंजाबचा हा दर इथे आपोआप लागू होत नाही. पण त्यामागचा विचार महाराष्ट्रातही रुजलेला आहे, आणि त्याची मुळं इतकी खोल आहेत की बघतच राहावं.

किती खोल? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात डोकावा. दात किंवा शिंगं असलेल्या जनावराच्या तावडीत माणूस सापडला आणि मालकानं त्याला सोडवलं नाही, तर मालकाला दंड. आणि सापडलेल्या माणसानं वाचवा म्हणून हाका मारूनही मालक हलला नाही, तर? दंड दुप्पट! हाच नियम याज्ञवल्क्यस्मृतीतही सापडतो. बघा, कायद्यानं जनावराला जाब विचारलाच नाही. त्याची नजर थेट माणसावर गेली: हे थांबवणं कोणाच्या हातात होतं? त्यानंतर सगळं बदललं, हा प्रश्न मात्र बदललेला नाही. कुत्रा चावल्याच्या प्रत्येक दाव्याचा कणा आजही तोच आहे.

फक्त एक फरक होता. तो दंड राजाच्या तिजोरीत जायचा. ज्याची पोटरी फाटली, त्याच्या हातात काय? आजच्या कायद्यात या दोन वाटा वेगळ्या आहेत. एक शिक्षेची, दुसरी भरपाईची. आणि जखमी माणूस दोन्ही वाटांनी जाऊ शकतो.

आधी शिक्षेची वाट बघू. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं की ताब्यातल्या जनावराबद्दल पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कागदावरच राहतं, असं वाटतंय? जुन्या दंड संहितेतही असंच कलम होतं. मुंबईत नेपियन सी रोडला २०१० मध्ये एका रॉटवायलरनं वृद्ध माणसाला चावे घेतले. २०२३ मध्ये गिरगावच्या न्यायालयानं मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. वरळीत लिफ्टमध्ये हस्की चावला, ती घटना २०१८ची. तिथल्या मालकाला २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. वर्षं लागली खरी, पण शिक्षा झाली!

आणि या कलमातला एक बारकावा तर खास लोणावळ्यासाठीच घडवल्यासारखा आहे. त्यात मालकीपेक्षा ताबा महत्त्वाचा. तुंगार्ली, खंडाळा, पवनेच्या काठावरचे बंगले आठवा. मालक मुंबईला, कुत्रा इथे, आणि त्याला रोज खाऊ घालणारा, सोडणारा, बांधणारा राखणदार तिसराच. कुत्रा माझा नाही, मी नोकर आहे, असं म्हणून राखणदार सहज सुटेल असं नाही. आणि मी तर मुंबईत होतो, एवढ्यावर मालकाचीही सुटका होत नाही. गेट उघडं कोणी ठेवलं, साखळी होती का, आधी कोणी तक्रार केली होती का, हे सगळं तपासलं जातं.

आता भरपाईची वाट, आणि इथे आपल्याला भेटतं एक माकड! १८४६ साली इंग्लंडमध्ये एका बाईला पाळलेलं माकड चावलं. न्यायालय म्हणालं, माकड मुळातच रानटी, ते पाळलं तर होणाऱ्या इजेची जबाबदारी पाळणाऱ्यावरच. मग कुत्र्याचं काय? कुत्रा हा माणसाळलेला प्राणी. म्हणून इंग्लंडच्या जुन्या नियमानुसार, आपलं कुत्रं चावरं आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक होतं, हे जखमी माणसानं दाखवायचं. म्हणजे पहिला चावा जवळजवळ माफच! हा विचार आपल्या न्यायालयांतही आला, पण त्याच्या जोडीला निष्काळजीपणाची सरळ वाटही उघडी राहिली.

याचा एक सुंदर परिणाम बघा. बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी असते. ती लावली की आपण मोकळे, असं अनेकांना वाटतं. पण कुत्र्याचा स्वभाव मालकाला ठाऊक होता, याचा पुरावा म्हणून तीच पाटी मालकाच्या विरोधात उभी राहू शकते! अर्थात रात्री कुंपणावरून उडी मारून आत शिरलेल्याला ही पाटी फारशी मदत करणार नाही. दूध घालायला, पत्र द्यायला, मीटर बघायला आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी.

दावा लावायचा कुठे? मालक मुंबईचा, चावा लोणावळ्यात. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १९ इथे जखमी माणसाच्या बाजूनं उभं राहतं: इजा जिथे झाली तिथे, किंवा समोरचा जिथे राहतो तिथे, निवड तुमची. म्हणजे मावळातल्या माणसानं मुंबईच्या चकरा मारण्याची गरज नाही. वडगाव मावळचं न्यायालय आहेच.

आता येऊ सगळ्यात अवघड गाठीकडे. कुत्रं कोणाचंच नसेल तर? ही गाठ सुटली ती कुठून, ऐका. बिहारच्या तुरुंगात रुदल साह नावाचा माणूस होता. १९६८ मध्ये तो निर्दोष सुटला, पण तुरुंगाचं दार उघडलं थेट १९८२ मध्ये. निर्दोष असूनही १४ वर्षं आत! १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारला त्याला रोख भरपाई द्यायला लावली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधला जगण्याचा हक्क सरकारनं मोडला, तर पैसे मोजावे लागतील, हे तिथे पक्कं झालं. त्या कैद्याच्या खटल्यात कुत्र्याचा उल्लेखही नव्हता. पण रस्त्यावरून निर्धास्त चालणं हादेखील जगण्याच्या हक्काचाच भाग, असं पुढे न्यायालयं म्हणू लागली, आणि तुरुंगात उगवलेला विचार रस्त्यावर येऊन पोहोचला.

आपल्याकडे ताजं उदाहरण खड्ड्यांचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आदेश दिला की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायची. खड्डा कोणी मुद्दाम खणत नाही, कुत्रंही कोणी मुद्दाम सोडत नाही. पण ते काम ज्याच्याकडे सोपवलंय, त्यानं ते केलं का, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

आणि कुत्र्यांचं काम कोणाकडे सोपवलंय? १० मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ते स्थानिक संस्थांकडे दिलंय. कुत्री पकडायची, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. १८७७ पासून कारभार करणारी लोणावळा नगरपरिषद असो की तळेगाव दाभाडेची, कर्तव्य हेच. त्यात ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली भटकी कुत्री हटवायला सांगितलं, आणि तिथून उचललेली पुन्हा तिथे सोडू नयेत असंही बजावलं. त्यामुळे एसटी स्टँडवर चावा घेतला गेला, तर जबाबदारी कोणाची हे दाखवणं आता अधिक सोपं.

तरी एक गोष्ट खटकतेच. मावळच्या रानात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला, तर महाराष्ट्र सरकारनं वारसांसाठी २५ लाखांची रक्कम ठरवून ठेवली आहे. बिबट्याचा हिशेब तयार, मग दारातल्या कुत्र्याचा का नको? कर्नाटकानं २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यातल्या मृत्यूसाठी पाच लाख जाहीर केले. केरळसाठी तर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली, आणि ती एकेका जखमीचा अर्ज तपासत होती. आपल्याकडेही असा ठरलेला दर आणि अर्जाची सोपी खिडकी हवीच.

तोवर दाव्याचं बळ कशात? कागदात. जमिनीला जसा सातबारा, तसा चाव्याला केसपेपर. दवाखान्यात जखमेची कॅटेगरी लिहिली जाते. कॅटेगरी तीन म्हणजे कातडी फुटून दात आत गेलेला. लसीचे दिवस मोजले जातात शून्यापासून: लस कातडीत टोचायची असेल, तर शून्य, तीन, सात, अठ्ठावीस. प्रत्येक तारखेची नोंद होते. रेबीजपासून जीव वाचवणाऱ्या त्याच नोंदी पुढे न्यायाधीशासमोर बोलू लागतात! औषधांच्या पावत्या, बुडालेली रोजंदारी, जखमेचे फोटो, चेहऱ्यावर राहिलेला व्रण, रस्त्यावर जायला घाबरणारं मूल: भरपाईच्या रकमेत या सगळ्याला जागा आहे.

मुदतीचं भान मात्र ठेवा. खासगी मालकाविरुद्ध साधारण तीन वर्षं मिळतात. नगरपरिषदेवर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस लागते आणि मुदतही कडक असते, म्हणून महिने घालवू नका. माणूस दगावला असेल, तर १८५५ चा जीवघेणे अपघात कायदा अजून जिवंत आहे. त्याखाली पती, पत्नी, आईवडील आणि मुलांसाठी दोन वर्षांत दावा लावता येतो. आणि वकिलाला द्यायला पैसे नसले तरी अडत नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना १९८७ च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

तेव्हा उद्या कोणाला कुत्रं चावलं, तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम १५ मिनिटं धुवा आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. मग केसपेपर जपून ठेवा, पोलिसांत तक्रार द्या आणि नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी कळवून पोच घ्या. नशीब म्हणून गप्प बसू नका. तुमची एक तक्रार नोंदली गेली, तर त्या गल्लीतल्या कुत्र्यांना लस मिळण्याची आणि पुढचा चावा टळण्याची शक्यता वाढते.